व्हिएन्नाहून एका दिवसात: ब्रातिस्लाव्हा की बुडापेस्ट?

व्हिएन्नात शिकायला आलं की एखादा मोकळा शनिवार मिळताच हा प्रश्न पडतो. ब्रातिस्लाव्हा स्लोव्हाकियाची, बुडापेस्ट हंगेरीची; दोन्ही राजधान्या डॅन्यूबकाठच्या, दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. ऑस्ट्रियाचा निवास परवाना असला की वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड जवळ ठेवा, वाटेत तपासणी होऊ शकते.

माझं मत आधीच सांगतो: रात्री परतायचंच असेल तर ब्रातिस्लाव्हा.

ब्रातिस्लाव्हा जेमतेम ६० किलोमीटरवर आहे. रेल्वेने तासाभराचा प्रवास, आणि गाड्या दिवसभर असल्याने एखादी चुकली तरी बिघडत नाही. बुडापेस्टला वेगवान रेलजेटनेही अडीच तासांहून जास्त लागतात, म्हणजे जाण्यायेण्यातच पाचेक तास जातात. स्लोव्हाकियात २००९पासून युरो चालतो, हंगेरीत फोरिंट. कार्ड असेल तर त्याची फारशी अडचण होत नाही.

ब्रातिस्लाव्हाचं जुनं शहर पायीच फिरायचं. मायकेल दरवाजा, गटारातून डोकावणारा चुमिलचा पुतळा, थोडं बाजूला १९१३चं निळं चर्च, एवढं दुपारपर्यंत सहज होतं. सेंट मार्टिन कॅथेड्रलपाशी मात्र थांबा आणि मनोऱ्याच्या टोकाकडे बघा. तिथे सोनेरी मुकुट आहे. ब्रातिस्लाव्हा तेव्हा हंगेरीच्या राज्यात होतं. १५४१मध्ये बुडा, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा नदीपलीकडचा भाग, ओटोमन तुर्कांच्या हाती गेलं, आणि हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक १५६३ ते १८३० या काळात इथे होत राहिले. १७४१मध्ये मारिया थेरेझाचाही इथेच झाला. वरचा मुकुट प्रतिकृती आहे. खरा बुडापेस्टच्या संसदेत, घुमटाखाली पहाऱ्यात ठेवलेला आहे. ही दोन शहरं एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत, हे मला तिथे उभं राहिल्यावर उमगलं.

दुपारी २९ नंबरच्या बसने देवीनला जाच. मोराव्हा नदी डॅन्यूबला मिळते तिथल्या कड्यावर हा किल्ला आहे. नेपोलियनच्या सैन्याने तो १८०९मध्ये उडवून दिला. समोरचा काठ ऑस्ट्रियाचा. शीतयुद्धात कम्युनिस्ट पूर्व युरोपला पश्चिमेपासून तोडणारी सीमा, म्हणजे ‘पोलादी पडदा’, ओलांडताना जीव गमावलेल्यांचं स्मारक खाली नदीकाठी आहे. तिथे माझा पाय निघत नव्हता.

बुडापेस्ट मुळातच मोठं. केलेती स्टेशनवरून एम-२ मेट्रो थेट संसदेपाशी, कोशुत चौकात सोडते. खरा मुकुट बघायचा तर आतल्या फेरीचं तिकीट आधीच काढा. जवळच नदीकाठी लोखंडी बुटांचे ६० जोड मांडले आहेत, डॅन्यूबकाठी गोळ्या घालून मारलेल्या ज्यूंच्या स्मरणार्थ. पुढे १८४९चा साखळी पूल ओलांडून बुडाची टेकडी चढेपर्यंत दुपार सरते. मग १८९६पासून धावणाऱ्या एम-१ मेट्रोने सेचेनी स्नानगृहात जायचं म्हटलं, तर घाईघाईत डुबकी मारून निघण्यात मजा नाही.

तरीही वास्तुकला शिकत असाल, किंवा सेमिस्टर संपून युरोप सोडायला आठवडाच उरला असेल, तर पहाटेची गाडी पकडून बुडापेस्टच गाठा. एरवी ते एका मुक्कामासाठी राखून ठेवा. पहिल्या खेपेला मी दिवे लागायच्या आतच स्टेशनकडे पळालो होतो. दुसऱ्या खेपेला एक रात्र राहिलो, आणि उजळलेली संसद पाण्यात बघत मार्गारेट पुलावर तासभर उभा होतो.