निकोटीनची च्युइंगम: काम करते, पण चघळायची कशी हे कुणी सांगत नाही

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकलमधनं २ मिलिग्रॅमची निकोटीन च्युइंगम घेतली, दादाची सिगारेट सुटावी म्हणून. दादा म्हणजे रोजचं पाकीट संपवणारा माणूस, आणि कोरोनाच्या काळात गल्लीत लोकांची ऑक्सिजनसाठी पळापळ चाललेली डोळ्यानं बघून सुद्धा संध्याकाळी रंकाळ्याला टपरीवर हजर, मास्क हनुवटीवर आणि एकच सिगारेट चौघांत फिरत होती. ते बघून माझं डोकंच फिरलं. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं सुट्टी, म्हणजे एकेक सिगारेट विकायला बंदी केली, तरी मागितली की मिळतीच.

तर च्युइंगम. तलफ मारते हे खरं, पण आतला कागद इंग्रजीत आणि तोही मुंगीएवढ्या अक्षरात, मेडिकलवाल्यानं पण पैसे घेतले आणि पाकीट हातात दिलं, बास. मग दादानं ती साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावली, घसा जळजळला, उचक्या लागल्या, वर "काय विष आणलंयस गं" म्हणून मलाच बोलला. अशी चावायचीच नसते. सावकाश चावायची, तोंडात झणझणायला लागलं की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मधी दाबून ठेवायची, झणझण गेली की परत थोडी चावायची, असं करत एक गोळी अर्धा तास जाते. निकोटीन तोंडातनंच रक्तात जायला पाहिजे, लाळेबरोबर गिळलं की बरंचसं वाया जातं आणि पोटात मळमळतं ते वेगळं. चहा, कॉफी, कोल्ड्रिंक घेतल्यावर पंधरा मिनिटं तरी तोंडात टाकायची नाही, कारण तोंड आंबट असलं की निकोटीन नीट शोषलं जात नाही. दिवसभर कटिंग चालू असणाऱ्या माणसाला हे पथ्य लई अवघड जातं, दादाला अजून जातंय.

उठल्या उठल्या अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर २ ची पुरत नाही, ४ ची लागते, ती डॉक्टरना विचारूनच घ्या. हार्टचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर २ ची पण विचारूनच.

तेव्हा दादा बोटाला ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून मला म्हणायचा "९७ आहे बघ, फुप्फुस एकदम ओके". पण सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, आणि कोरोनात घरोघरी आलेलं हे बोटाचं ऑक्सिमीटर त्याला पण ऑक्सिजनच समजतं! म्हणजे नुकत्याच ओढून आलेल्या माणसाचा आकडा चांगला दिसतो आणि खरा ऑक्सिजन कमी असू शकतो, कोरोनाच्या काळात हे किती घातक होतं विचार करा. च्युइंगममध्ये निकोटीन आहे पण धूर नाही, म्हणून मला ती चालते.

आणि निकोटीननं कोरोना होत नाही असले फॉरवर्ड पाठवणं बंद करा प्लीज. तो एप्रिल २०२० मधला फ्रान्सच्या संशोधकांचा नुसता अंदाज होता, सिगारेट ओढणाऱ्याला कोरोना झाला तर आजार जास्त गंभीर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्येच सांगितलंय.

पाच पैकी चार स्टार, एक कापला तो कागदासाठी, कंपनीनं मराठीत चार ओळी तरी छापाव्यात. घेताना आधी छोटं पाकीट घ्या, पुदिन्याची चव सगळ्यांना झेपत नाही. आणि सोबत १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडायचा नंबर लावा, फुकट आहे, सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.