शहाबादी फरशी आणि टाइल्सच्या कोपऱ्यासाठी कोणते सिलिकॉन घ्यावे?

सोलापुरातील जुन्या घरांच्या न्हाणीघरांत भिंतीला चकचकीत टाइल्स आणि पायाखाली शहाबादी फरशी, अशी जोडी अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसते. या दोहोंच्या कोपऱ्यात गवंडी पांढरा सिमेंट भरतो आणि थोड्याच काळात तेथे बारीक चीर पडते. दोष बहुधा त्याच्या हाताचा नसतो. भिंत आणि जमीन तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या या शहरात ती हालचाल कमी नसते. ताठर सिमेंटला ती सोसत नाही. एपॉक्सी ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटीत भरायचे राळेचे मिश्रण, सपाट सांध्यांसाठी उत्तम असले, तरी कोपऱ्यात तेही ताठरच. येथे ताणले जाणारे, पाण्यात टिकणारे सीलंटच, म्हणजे सांधा बंद करणारी लवचीक लुगदीच हवी.

हार्डवेअरच्या दुकानात साधारणतः तीन प्रकारच्या नळ्या मिळतात. अॅक्रिलिक सीलंट स्वस्त आहे, त्यावर रंगही देता येतो, पण ते सुकताना आकसते आणि सतत ओल असलेल्या जागी टिकत नाही. दाराच्या चौकटीपुरतेच ते ठीक. दुसरे साधे सिलिकॉन, जे लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. तिसरे न्यूट्रल सिलिकॉन, जे अधिक महाग पडते.

माझ्या मते निवडीचा खरा प्रश्न या शेवटच्या दोहोंतच आहे, आणि त्याचे उत्तर फरशी देते. आंबट वास हा सिलिकॉन घट्ट होताना बाहेर पडणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा असतो. शहाबादी हा चुनखडीचा दगड. आम्लाची आणि चुनखडीची अभिक्रिया होते, त्यामुळे ज्या पृष्ठभागाला सिलिकॉनने धरून राहायचे तोच कमकुवत होतो आणि पट्टी कडेने सुटू लागते. उघड्या सिमेंटच्या बाबतीतही हीच अडचण येते. न्यूट्रल प्रकारात हे आम्ल सुटत नाही. त्यातही नैसर्गिक दगडावर डाग पडणार नाही असे नळीवर स्पष्ट लिहिलेले असल्यास उत्तम, कारण काही सिलिकॉनमधील तेलकट अंश दगडात मुरून कडेला काळसर रेघ उमटते. सोबत ‘सॅनिटरी’ हा शब्दही शोधावा. त्याचा अर्थ बुरशीरोधक घटक मिसळलेला आहे असा होतो. तो घटक कायम पुरत नाही. साबणाचा थर साचू दिला तर काळे ठिपके येणारच. म्हणून मी शुभ्र पांढऱ्याऐवजी राखाडी रंग निवडतो, शहाबादीशी तो जुळतोही.

नळी घेताना अंतिम मुदत पाहणे मी सर्वांत आवश्यक मानतो. दुकानाच्या तापलेल्या फळीवर उन्हाळाभर पडून राहिलेली, मुदत उलटलेली नळी नीट घट्ट होईल याची खात्री नसते, आणि अर्धवट ओले सिलिकॉन खरवडणे हे मोठे कंटाळवाणे काम आहे.

लावण्यापूर्वी जुना सिमेंट किंवा सिलिकॉन पूर्ण काढावे लागते, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही. बोअरच्या पाण्याने साचलेला पांढरा क्षारही घासून काढावा, मात्र त्यासाठी बाजारातील ॲसिड वापरल्यास शहाबादी खराब होते. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून गनने (नळीतून सिलिकॉन दाबून बाहेर काढणाऱ्या हत्याराने) सलग रेघ ओढावी आणि पापुद्रा धरण्याआधी ती गुळगुळीत करून टेप काढावी. नळीवर 24 तास लिहिलेले असले तरी जाड थराला अधिक वेळ द्यावा. सिलिकॉन हवेतील ओलाव्याने घट्ट होते आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते सावकाश होते. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, तेव्हा पाणी भरून झाल्यावर, न्हाणीघरातील पिंप बाहेर काढून आणि सांधा पूर्ण वाळू देऊन हे काम हाती घेणे सोयीचे.

ज्यांच्याकडे जमिनीलाही चकाकीच्या टाइल्स आहेत आणि सांध्यात सिमेंट उघडे नाही, त्यांना आंबट वासाची स्वस्त नळी पुरेशी आहे. आरसा चिकटवायला मात्र तीच नळी वापरू नये; आम्लाने आरशाच्या मागचा मुलामा काळा पडतो.