गिटारच्या बाइंडिंगसाठी स्वस्तातला राऊटर बिट सेट घेतला आणि फसलो, घेणार असाल तर आधी वाचा

मी पुण्यात राहतो, नोकरी कॉम्प्युटरची, शनिवार-रविवार गच्चीवरच्या खोलीत गिटार बनवायचा नाद. पहिली कशीबशी झाली, तिला बाइंडिंग नव्हतं. दुसरीला करायचंच असं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाइंडिंग म्हणजे गिटारच्या कडेने जी पांढरी किंवा लाकडी पट्टी फिरते ती, मिरजेच्या सतारीवर सेल्युलॉइडची असते तशीच. ती बसवायला कडेने खाच पाडावी लागते, माझी पट्टी प्लास्टिकची, 1.5 मिमी जाड आणि 6 मिमी उंच, त्यामुळे खाचही बरोबर तेवढीच हवी. हाताने पाडणारे पाडतात, माझ्याच्याने होणार नाही.

सुतार सनमायका कापायला वापरतात तो छोटा ट्रिमर, म्हणजे लाकडात खाच पाडणारा छोटा राऊटरच, माझ्याकडे आहे. त्याला रॅबेट बिट (कडेला पायरीसारखी खाच पाडणारं फिरतं पातं) लावायचा, बिटच्या खाली बेअरिंग असतं, ते गिटारच्या बाजूला टेकून फिरतं आणि पातं तेवढंच लाकूड खातं. हिशेब शाळेतला आहे, पात्याचा व्यास वजा बेअरिंगचा व्यास, भागिले दोन. 19 चं पातं आणि 16 चं बेअरिंग तर खाच 1.5. म्हणजे सगळा खेळ बेअरिंगच्या मापाचा. परदेशातून चांगला सेट मागवायचा तर डॉलर, कुरिअर, वर कस्टम, आणि बोहरी आळीत दोन रविवार फिरलो तर सगळीकडे साधे ट्रिमिंगचे बिट, बेअरिंगचा संच कुणाकडेच नाही. मग ऑनलाइन दिसला. एक बिट, सात बेअरिंग, वर प्लास्टिकचा एज गाईड, 1,649 रुपये, फोटोत चकाचक, 'गिटार बाइंडिंग स्पेशल'. लगेच ऑर्डर.

बॉक्स आला, बेअरिंगच्या कप्प्यांवर स्टिकर, 1.5, 2, 2.5 असे. प्लायच्या तुकड्यावर 1.5 चं बेअरिंग लावून चालवलं तर पट्टी आत जाऊन वर फट राहिली. म्हटलं माझाच हात हलला असेल. मग व्हर्नियर काढला. पातं 19 बरोबर होतं, पण 1.5 लिहिलेलं बेअरिंग 15 मिमीचं, म्हणजे खाच पडणार 2 ची. पुढच्या कप्प्यातलंही 15 चंच! सगळी मोजली, सातात मापं चारच, बाकी जुळी भावंडं. स्टिकर सात लावलेत फक्त.

तिसऱ्या दिवशी रिटर्न टाकलं, मुदत सात दिवसांची. तासाभरात विकणाऱ्याचा फोन आला, गोड आवाज, "सर, आप टेन्शन मत लो, बेअरिंग चेंज करके भेजता हूँ, बस रिटर्न कॅन्सल कर दो, नहीं तो मेरा अकाउंट खराब होता है." मी म्हटलं बरं, बिट तर चांगला आहे, बेअरिंगच हवंय, गरीब माणूस असेल, केलं कॅन्सल. हीच माझी घोडचूक. चौथ्या दिवशी "कुरिअर निकल गया सर", सहाव्या दिवशी "बारिश है सर", आठव्या दिवशी फोन उचलणं बंद, दहाव्या दिवशी माझा नंबर ब्लॉक. मुदत कधीच संपलेली. कंपनीच्या कस्टमर केअरने शांतपणे सांगितलं की रिटर्न तुम्हीच रद्द केलंत. तेही खरंच होतं.

इथेच थांबलो असतो तर 1,649 वर भागलं असतं. पण मी हुशार ना, म्हटलं मास्किंग टेपचे चार थर गिटारच्या बाजूला चिकटवले की अर्धा मिमी भरून निघतो, बेअरिंग टेपवर फिरेल. आयडिया चुकीची नाही, तुकड्यावर झकास चालली. मग खऱ्या बॉडीला ट्रिमर लावला. तीन महिन्यांची मेहनत, शिसवाच्या बाजू गरम पाइपवर एकेक इंच वाकवलेल्या. खालच्या फुगीर भागापासून सुरुवात केली, पहिली वीतभर सुंदर, कडेने बारीक भुसा उडतोय, आणि गिटारच्या कमरेपाशी आवाज बदलला, जरा जड, घोगरा. मला वाटलं शिसव कडक लागलंय. करपल्याचा वास आला तेव्हा बंद केला. बघतो तर खाच सुरुवातीला 6 मिमी खोल आणि कमरेपाशी 9! बिट कोलेटमधून (ट्रिमरची बिट पकडणारी पकड) हळूहळू खाली सरकत होता, 30,000 आरपीएमला. पूर्ण निसटला असता तर कुठे गेला असता हा विचार रात्री झोपताना आला.

परत व्हर्नियर. बॉक्सवर शँक, म्हणजे कोलेटमध्ये जाणारा बिटचा दांडा, '1/4 इंच (6 मिमी)'. पाव इंच म्हणजे 6.35. मोजला तर 5.98. माझं कोलेट 6.35 चं, नट कितीही आवळा, 6 चा शँक त्यात धड पकडला जात नाही. बेअरिंगच्या नादात शँक मोजलाच नाही, ही चूक माझीच, पण दोन वेगळी मापं एकच म्हणून छापून विकणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तर असा सेट घ्यायचाच असेल तर मिळाल्या दिवशी पातं, शँक आणि प्रत्येक बेअरिंग मोजा, स्टिकर वाचू नका. 6 चा शँक असेल तर 6 चंच कोलेट घ्या, बिट पूर्ण आत घालून दोन-तीन मिमी बाहेर ओढून मग आवळा, आणि कोलेटच्या तोंडाशी शँकवर मार्करची रेघ मारा, सरकला तर लगेच दिसतो. पाकीट फोडताना व्हिडिओ काढा. विकणारा फोनवर कितीही रडला तरी हातात दुसरा माल येईपर्यंत रिटर्न कॅन्सल करू नका, जे बोलायचं ते अ‍ॅपच्या चॅटवरच, फोनवरच्या गोडगोड बोलण्याचा माझ्याकडे काडीचा पुरावा नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, नंबर मिळालाय, पैसे नाहीत.

बॉडी टाकून दिली नाही. आता 6 चं कोलेट आणलंय, सगळीकडे 9 मिमीच खाच पाडून शिसवाचीच रुंद पट्टी वाकवतोय, प्लास्टिक राहिलं बाजूला.

परवा तोच फोटो, तोच सेट दुसऱ्या दुकानाच्या नावाने दिसला, 1,799 ला. खाली प्रश्न विचारायची सोय होती म्हणून विचारलं, शँक 6 मिमी आहे की 6.35? दोन तासात उत्तर आलं, "येस सर."