'एचडी डीव्हीडी' करून देतो म्हणाला आणि ८ हजारांना चुना लावला

आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, खोल्या रिकाम्या व्हायच्या आधी मी दोन महिने सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून ७० मिनिटांची फिल्म केली. म्हाताऱ्या मंडळींचं एकच, "अरे सीडी कधी देणार?" त्यांच्यासाठी सगळंच सीडी. मोबाईलवर पाठवली तर बघणार नाहीत, डीव्हीडी प्लेअर मात्र ट्रान्झिटच्या तात्पुरत्या घरातसुद्धा जपून नेलेत.

मला एडिटिंग येतं, डीव्हीडी ऑथरिंग, म्हणजे फिल्मची प्लेअरवर चालणारी डीव्हीडी बनवणं, कधी केलं नव्हतं. १०८० ची, म्हणजे फुल एचडी, प्रोरेस फाइल (एडिटिंगची भारी क्वालिटीची फाइल) काढली, ६४ जीबीच्या आसपास, हार्डडिस्कवर टाकली आणि लॅमिंग्टन रोडकडे एकजण हे काम करतो म्हणून त्याच्याकडे गेलो. म्हणाला साध्या डीव्हीडीत क्वालिटी मरते, मी एचडी मास्टरिंग करून देतो, त्याचे ५ हजार वेगळे आणि कॉपीमागे ७० रुपये. ४८ कॉप्या, म्हणजे ८,३६०. बिल मागितलं तर "१८ टक्के जीएसटी पडेल साहेब", मग मीच म्हटलं राहू दे. इथेच माती खाल्ली.

डेमो दाखवला दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर, एकदम कडक. मध्येच त्याने पॉज केलं तेव्हा खाली पट्टीवर माझ्याच फाइलचं नाव आलं आणि पुढे एमपी४. अहो डीव्हीडी पॉज केली तर फाइलचं नाव येतं का कधी? पेनड्राइव्ह लावला होता मागे पठ्ठ्याने! मी बघितलं, डोक्यात मात्र शिरलं नाही.

डिस्का आणल्या, वाटल्या आणि तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला, "आम्ही सगळे एवढे बारीक कधी होतो रे?" जाऊन बघतो तर १६:९ चं, म्हणजे रुंद पडद्याचं, सेटिंगच केलेलं नाही, सगळी माणसं उभी ताणलेली, जिन्याचा कठडा नुसता लुकलुकतोय, दारावरच्या पाट्या वाचता येत नाहीत. डिस्क उलटी केली, जांभळ्या बाजूला जळालेला भाग जेमतेम पाव. फोल्डर ९०० एमबीचा. ७० मिनिटांना ९०० एमबी म्हणजे दीड-पावणेदोन एमबीपीएस (सेकंदाला किती डेटा ते, कमी झाला की चित्र बिघडतं), ४.७ जीबीची डिस्क रिकामी ठेवून!

भांडायला गेलो तर म्हणतो, "साहेब डीव्हीडीत एवढंच येतं." डोकं फिरलं ते यानेच, कारण अर्धं खरं आहे. डीव्हीडी व्हिडिओत एचडी बसतच नाही, आपल्याकडच्या पॅल या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपके, बस. एचडी हवं तर ब्लू-रे. एचडी डीव्हीडी नावाचा फॉरमॅट होता खरा, पण तो तोशिबाने २००८ मध्येच गुंडाळला. मग ५ हजार कसले घेतलेस बाबा? उत्तर नाही, बिल नाही, पैसे नाहीत. हार्डडिस्क तेवढी परत आणली.

शेवटी घरीच केलं. मूळ एचडी फाइलवरून एमपेग-२ (डीव्हीडीचा व्हिडिओ फॉरमॅट), पॅल वाइडस्क्रीन, सेकंदाला २५ फ्रेम, टू-पास (सॉफ्टवेअर फिल्म आधी एकदा तपासतं, मग दुसऱ्या फेरीत बनवतं), सरासरी ७ आणि कमाल ८ एमबीपीएस, ऑडिओ डॉल्बी डिजिटल ४८ किलोहर्ट्झ. सगळं मिळून पावणेचार जीबीच्या आसपास, आरामात मावलं. कमाल आकडा ९.८ पर्यंत नेता येतो पण घरी बर्न केलेली डिस्क जुन्या प्लेअरला अडकते, म्हणून ८ वरच थांबलो. मजल्याप्रमाणे चॅप्टर पाडले, बर्न सावकाश केलं आणि पहिली डिस्क काकूंच्या प्लेअरवर पूर्ण ७० मिनिटं चालवून मगच बाकीच्या ४७ काढल्या. तुम्ही कोणाला काम दिलंत तर हेच करा, आधी एकच डिस्क घ्या, घरच्या प्लेअरवर लावा, फोल्डरचा साइज बघा, मग उरलेले पैसे. आणि बिल घ्या हो, १८ टक्के गेले तर गेले.

त्याच्या डिस्का काकूंनी दोऱ्याला बांधून गॅलरीत लटकवल्यात, कबुतरं पळवायला. कबुतरं त्यांच्या शेजारीच बसतात.