सीनियरांच्या शीटवर काढलेली दोन सेमिस्टर

अकरा महिने वापरून झाल्यावर लिहितेय. त्यामुळे यात पहिल्या आठवड्यातलं कौतुक नाही आणि रिझल्टच्या दिवशीचा संतापही नाही.

वस्तू म्हणजे एक गूगल शीट. माझी अ‍ॅडमिशन झाली त्याच रात्री बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या दादानं लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, ‘कोणाला देऊ नकोस.’ महिन्याभरात कळलं की ती सगळ्यांकडेच आहे आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी हेच बजावलंय. एका ओळीत एक सर किंवा एक मॅडम, तीही फक्त आद्याक्षरांत. पुढे रकाने : हजेरी घेतात का, इंटर्नलचे मार्क देताना हात सैल आहे का, नोट्स देतात का, पेपर नोट्समधूनच येतो का. शेवटचा रकाना ‘एका शब्दात’. मत देणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

आमचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ सालचं, आणि त्यातलं जुनं बडोदा कॉलेज तर १८८१ पासूनचं. पसारा एवढा की स्टेशनाकडून आत शिरलेल्या नवख्या पोरीला घुमटाखालची आर्ट्स फॅकल्टी ओळखता येते, बाकी सगळं विचारत विचारत. अशा ठिकाणी कुणीतरी आधीच टिपून ठेवलेलं हातात असलं की धीर येतो. मलाही आला. पहिले दोन महिने मी वर्गात शिरायच्या आधी शीट उघडायचे. समोर उभ्या माणसाबद्दल माझं मत आधीच तयार असायचं. ते माझं नसायचं एवढंच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. जिथे मताचा प्रश्न नाही तिथे ही शीट सोन्यासारखी आहे. कुठल्या प्रॅक्टिकलला जर्नलची अनुक्रमणिका दर आठवड्याला सहीची हवी, आदल्या रात्री बसून भागत नाही. कुठल्या पेपरला कॅसिओचा ९९१ कॅल्क्युलेटर असला तर वीस मिनिटं वाचतात. हंसा मेहता लायब्ररीत कुठलं पुस्तक इश्यू करून घरी आणायचं आणि कुठलं तिथेच बसून वाचलं तरी पुरतं. (ज्यांचं नाव त्या लायब्ररीला आहे त्या हंसाबेन इथल्या पहिल्या कुलगुरू. मुलं-मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाची कुलगुरू होणारी देशातली पहिली बाई. वर्षभर त्या पाटीखालून ये-जा केली आणि हे मला आत्यानं सांगितलं तेव्हा कळलं.) यातलं एकही वाक्य खोटं निघालं नाही. हजेरीचा रकानाही जवळजवळ बिनचूक.

घोळ सुरू होतो ‘एका शब्दात’पासून.

संख्याशास्त्राच्या एका सरांपुढे तिथे लिहिलं होतं, ‘झोप’. त्याखाली तिघांनी ‘सहमत’. खुलासा म्हणून : पीपीटी नाही, फळ्यावरच लिहितात, नोट्स मिळत नाहीत, विचारलं तर उलट आपल्यालाच विचारतात. मी मागच्या बाकावर बसायचं ठरवून गेले आणि तीन आठवडे तिथेच बसले. त्या तीन आठवड्यांची वही आजही कोरी आहे. तो तोटा शीटच्या नावावर लावायचा की माझ्या, हे मी अजून ठरवलेलं नाही.

चौथ्या आठवड्यात व्हेरियन्स आला, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप. पुस्तकात सरळ लिहिलंय, नमुन्याचा व्हेरियन्स काढताना n नं (नमुन्यात जेवढे आकडे तेवढ्यानं) नाही, n वजा १ नं भागा. का, हे बारावीपासून कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. सरांनी खिशातून तीन चिठ्ठ्या काढल्या : २, ४, ६. म्हणाले, ही तुमची सगळी दुनिया. हिचा व्हेरियन्स काढा. आला ८ भागिले ३, म्हणजे २.६७. मग मागच्या बाकावरची म्हणून मलाच उठवलं. एक चिठ्ठी काढ, वाच, परत टाक, पुन्हा एक काढ. अशा किती जोड्या होतील? नऊ. सगळ्या फळ्यावर मांडल्या. प्रत्येक जोडीचा व्हेरियन्स आधी २ नं भागून काढला, मग १ नं. पहिल्या रीतीनं नऊ उत्तरांची सरासरी आली १.३३, बरोबर निम्मी. दुसऱ्या रीतीनं आली २.६७.

वर्गात कुणीतरी चक्क ‘अरे!’ म्हणालं. सरांनी खडू ठेवला, हात झटकले आणि विचारलं, आता सांगा, पहिली रीत कमी का दाखवते? उत्तर दिलंच नाही. तास संपला. मी घरी जाऊन जेवताना बाबांच्या पानातल्या शेंगदाण्यांवर तेच करत बसले, आणि रात्री कधीतरी डोक्यात उजेड पडला : सरासरी त्याच नमुन्यातून काढली की आकडे तिला आधीच चिकटून बसलेले असतात, खऱ्या सरासरीपासूनचं अंतर त्यात दिसतच नाही.

‘झोप’!

मग मी शीट नीट वाचायला घेतली, म्हणजे तासाला जाण्यापूर्वी नाही, तासानंतर. ‘मस्त’, ‘देवमाणूस’, ‘बेस्ट’ असं जिथे जिथे होतं, तिथे नोट्सच्या आणि इंटर्नलच्या रकान्यात हमखास ‘हो’ होतं. म्हणजे लोकांनी शिकवणं मोजलंच नव्हतं, मार्क मोजले होते. हे फक्त आमच्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेच्या एअर फोर्स अ‍ॅकॅडमीत कुठला कॅडेट कुठल्या प्राध्यापकाकडे जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, म्हणून शिकवण्याबद्दल तिथे झालेला संशोधकांचा अभ्यास चोख मानतात. २०१० साली तो छापून आला. ज्यांच्याकडे त्या सेमिस्टरला जास्त मार्क पडले त्यांना पोरांनी चांगलं म्हटलं, पण तीच पोरं पुढच्या गणितात मागे पडली. मला हे वाचून बरं वाटलं असं म्हणणार नाही. माझ्या तीन आठवड्यांच्या कोऱ्या पानांचा तो जणू हिशेबच होता.

दुसरी गोष्ट भाषेची. एका मॅडमपुढे दोन मतं एकाखाली एक : ‘काहीच समजत नाही’ आणि ‘सगळ्यात क्लिअर’. शीटवर हे वाचून वाटतं की एक जण खोटं बोलतोय. दोघंही खरं बोलत होते. आमच्याकडे शिकवणं इंग्रजीत. माझ्या घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, आणि अचानक ‘लेट अस अ‍ॅझ्यूम विदाउट लॉस ऑफ जनरॅलिटी’. पहिल्या महिन्यात मीही ‘काहीच समजत नाही’ लिहिलं असतं. दिवाळीनंतर ‘सगळ्यात क्लिअर’ लिहिलं असतं. मॅडम त्याच, स्पीड तोच. फरक माझ्या कानात पडला होता.

आणि तिसरी, जी मला जास्त टोचली. वेळेवर वर्गाचं दार लावून घेणाऱ्या सरांपुढे लिहिलंय ‘शिस्तीचे’. तेच करणाऱ्या मॅडमपुढे ‘खडूस’. मी मैत्रिणीला दाखवलं, ती म्हणाली, ते मीच लिहिलंय. अमेरिकेतल्या एका ऑनलाइन कोर्सचा २०१५ मध्ये छापलेला प्रयोग तिला वाचून दाखवला. शिकवणारे दोघं, एक पुरुष, एक बाई, विद्यार्थ्यांना चेहरे दिसत नाहीत. काही गटांत दोघांची नावं अदलाबदल करून दिली. गृहपाठ दोघंही एकाच वेळी तपासून परत देत होते, तरी ‘वेळेवर देतात’ या प्रश्नाला पुरुषाचं नाव असलेल्याला जास्त मार्क पडले. मैत्रीण गप्प बसली, मग म्हणाली, पण मॅडम आहेत खडूस.

आता शीटनं मला सरळ सरळ बुडवलं ती जागा. तिच्यात खाली दुसरा टॅब आहे, ‘बाहेरचे क्लास’. एका क्लासपुढे नुसती वाहवा. नाव लिहीत नाही, शहर लहान आहे. दोन्ही सेमिस्टरची फी एकदम भरली, बाबांनी भरली. शिकवणी म्हणजे जुने पेपर सोडवलेले, त्याचे झेरॉक्स, वर ‘गॅरंटी आयएमपी’चा शिक्का, म्हणजे हे ‘इम्पॉर्टंट’ प्रश्न पेपरात येणारच. तिसऱ्या महिन्यात वेळ बदलून माझ्या प्रॅक्टिकलवर आणली. फी परत मागितली तर पावतीच्या मागची बारीक ओळ दाखवली. आणि संख्याशास्त्राचा पेपर! त्यात ‘काढा’ कमी आणि ‘का ते सांगा’ जास्त. आयएमपीतलं एक आलं. नंतर कळलं, मित्र आणला की फीत सूट मिळते. वाहवा कुठून आली ते तेव्हा उलगडलं. ‘का ते सांगा’वाले मार्क मला मिळाले ते ‘झोप’वाल्या सरांमुळे.

बाबांना हे सगळं सांगितलं. तेही इथलेच. शीट वगैरे नव्हती, मतं सेव-उसळीच्या गाडीवर व्हायची, आणि त्यांच्या मते तेव्हाही ती बहुतेक नोट्सबद्दलच असायची. मग त्यांनी अरविंद घोषांची गोष्ट काढली. ते १८९३ ते १९०६ बडोद्यात होते आणि याच कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. साउदीनं लिहिलेल्या नेल्सनच्या चरित्रावर शिकवत होते. पोरांनी तक्रार केली की तुम्ही सांगता ते नोट्सशी जुळत नाही. ते म्हणाले, नोट्स मी वाचल्याच नाहीत, आणि त्यातलं बहुतेक टाकाऊच असतं. शब्द न शब्द उतरवून घेऊन पाठ करणारी पोरं पाहून त्यांना आश्चर्य वाटायचं, असं त्यांनीच पुढे सांगितलंय. आमच्या शीटवर त्यांच्यापुढे काय लिहिलं गेलं असतं, ते मी बाबांना सांगितलं. हसून हसून त्यांना ठसका लागला.

सरकारी मतांचंही सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष शीटवर जाईल. कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचा विद्यार्थी-समाधानाचा फॉर्म असतो, वीसेक प्रश्न, ४ पासून ० पर्यंत पर्याय. माझ्या ओळखीतल्यांनी तो कॅन्टीनमध्ये चहा थंड व्हायच्या आत भरला, सगळीकडे ४. मीही. तेवढी निष्काळजी शीट कुणी भरत नाही. तिच्यात निदान राग तरी खरा असतो.

तर वापरावी का? वापरावी, जर्नल, कॅल्क्युलेटर आणि हजेरीसाठी. माणसांसाठी उघडायचीच असेल तर दिवाळीनंतर उघडावी, आणि कुठल्याही मतापुढे आधी हे विचारावं की लिहिणारा पास झाला होता का. पाचात मार्क द्यायचे तर माहितीला साडेचार, मतांना दीड. क्लासच्या टॅबला शून्य.

गेल्या आठवड्यात मी दोन बदल केले. एक नवा रकाना घातला, ‘लिहिणाऱ्याच्या शाळेचं माध्यम’. तो दुसऱ्या दिवशी कुणीतरी उडवला. पुन्हा घातला, आत्तापर्यंत आहे, रिकामा. आणि त्या सरांच्या ओळीत ‘झोप’ खोडून ‘तीन चिठ्ठ्या’ लिहिलं.

आज सकाळी पाहिलं तर त्याखाली कुण्या ज्युनियरचा प्रश्न आहे : ‘म्हणजे काय? आयएमपी आहे का?’