वाचनगटासाठी कोणतं पुस्तक: 'श्यामची आई' की 'तोत्तोचान'?

नवी मुंबईतल्या ऐरोलीत रविवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवते, तेव्हा सेक्टरमधली मुलं पुढे बसतात, गावठाणातली मागे. ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, तरी 'गावातला' हा शब्द इथे हिणवायला वापरतात आणि मुलं तो घरूनच शिकून येतात. म्हणून गोष्ट निवडताना मी आधी एक पाहते: ज्याला बाजूला ठेवलंय, तो गोष्टीत स्वतः बोलतो का?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त अस्पृश्य मानल्या गेलेल्या म्हातारीची गोष्ट आहे. तिच्या डोक्यावर मोळी दे, असं आई श्यामला सांगते. आणि मग घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते. रूढी मोडायचा धीर आणि रूढीचा धाक, दोन्ही तिच्याच तोंडी. हे आपल्या कोकणातलं असल्यामुळे मुलांना पळवाट उरत नाही. पण शिकतो तो श्याम, म्हातारीच्या वाट्याला मदत घेणंच येतं. दलित घरातल्या मुलाने या गोष्टीत स्वतःला कुठे पाहायचं, हा प्रश्न मला दरवेळी टोचतो.

'तोत्तोचान' म्हणजे तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने लिहिलेल्या स्वतःच्या शाळेतल्या आठवणी; त्यातली तोत्तो म्हणजे लहानपणीची ती स्वतः. त्यात पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तो महाप्रयासाने आपल्या झाडावर चढवते. वर बसल्यावर मात्र तो तिला टेलिव्हिजनबद्दल सांगतो, जे तिने कधी ऐकलेलंही नसतं. आता देणारा तो आहे! आणि मासाओ हा कोरियन मुलगा तोत्तोवर 'कोरियन!' असं ओरडतो, कारण लोक त्यालाच तसं हिणवतात आणि त्याला ती शिवीच वाटते. हे प्रकरण वाचलं की 'गावातला' या शब्दाकडे वळायला वेगळी प्रस्तावना लागत नाही.

उणीव एवढीच की जपान लांबचं. मुलं मासाओसाठी हळहळतात आणि आपल्या गल्लीचा विचार न करता घरी जातात.

तेव्हा हाताशी एकच रविवार असेल, तर मासाओ वाचा. महिनाभर मिळणार असेल, तर सुरुवात त्यानेच करा आणि मुलं मोकळी झाली की मोळीची गोष्ट घ्या. लहानांसमोर नको म्हणून आंघोळीचं वाक्य गाळू नका. तिथेच थांबा आणि विचारा: हे म्हातारीच्या कानावर गेलं असतं, तर ती काय म्हणाली असती? आधी मागे बसलेल्यांना बोलू द्या.