‘कोरं’ फ्रेंच फ्रीव्हील आणि माझे 12,900 रुपये

जुन्या सायकलींचे भाग ऑनलाइन विकणाऱ्यांची बोली तुम्हाला ठाऊक आहेच. ‘बंद पडलेल्या दुकानातला माल आहे, हात लागलेला नाही’, ‘अजून तिघे मागे लागलेत’, आणि पैसे आधी. मलाही ठाऊक होती. तरी फसलो, आणि तो संताप अजून डोक्यातून जात नाही.

सायकल सत्तरच्या दशकातली प्यूजो. चेनच्या 24 कड्या पिनेपासून पिनेपर्यंत मोजल्या, तर 304.8 ऐवजी 308 मिमी भरल्या. 306.3 ला चेन बदलायची असते. 307.8 च्या पुढे गेलेली चेन फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे, दातेही खाऊन बसते. मग नुसती नवी चेन टाकली की चढावर जोर देताच ती दात्यांवरून उडते. म्हणजे दोन्ही घेणं भाग होतं.

खरी अडचण आट्यांची. फ्रीव्हील चाकाच्या मधल्या भागावर, म्हणजे हबवर, आट्यांनी बसतं, आणि माझ्या प्यूजोचं हब फ्रेंच आट्यांचं. इंग्लिश फ्रीव्हीलचे आटे 34.8 मिमी व्यासाचे, इंचाला 24. फ्रेंच आटे 34.7 मिमी व्यासाचे, एकेक मिमी अंतरावर. फ्रेंच आट्यांचं फ्रीव्हील आपल्याकडे सहज मिळत नाही. ते मिळतंय म्हटल्यावर माणूस घाई करतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

मायार या फ्रेंच कंपनीचं पाच चकत्यांचं ‘कोरं’ फ्रीव्हील 6,400, ‘सीलबंद’ चेन 1,900, कुरिअर 350. एकूण 8,650 रुपये, यूपीआयने.

मी विकणाऱ्याकडे पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावलेला फोटो मागितला होता. त्याने व्हर्नियर आत धरलेला फोटो पाठवला. तिथेच व्यवहार मोडायला हवा होता! आतल्या आट्यांचा व्यास व्हर्नियरने मोजून इंग्लिश की फ्रेंच हे ठरत नाही, फरक 0.1 मिमीचा, तेवढा हात हलला तरी येतो. फरक दिसतो तो फक्त पिच गेजवर. हे मला येतं, मी इतरांना सांगतो. पण रात्री अकरा वाजता ‘उद्या सकाळी दुसऱ्याला देतो’ असा मेसेज आला आणि मी पैसे पाठवले. त्याच फोटोत 18 दात्यांच्या चकतीवर कानशीचे तिरपे ओरखडे होते. झूम केलं असतं तर दिसले असते.

माल आला. चेनच्या 24 कड्या भरल्या 306.6. सीलबंद पिशवीत झिजलेली चेन! फ्रीव्हील झिजलेलंच, दात्यांची टोकं घासून सारखी केलेली, वरून बफिंग. टोक कानशीने सरळ करता येतं, दोन दात्यांमधली रुंदावलेली खाच भरता येत नाही. नव्या चेनचा तुकडा त्यात बसवून पुढे-मागे हलवा. रोलर डुलला की माल वापरलेला.

आणि आटे इंग्लिश. हाताने दोन-अडीच फेरे सहज गेलं, मग जड झालं. जुन्या हबवर मळ असतो, ते जड जातंच, म्हणून मी पुढे नेलं. कोणीही नेलं असतं. फ्रीव्हील पेडलच्या जोरानेच आवळलं जातं, त्यामुळे कात्रजच्या चढावर ॲल्युमिनियम हबचे आटे सोलून ते मोकळं फिरायला लागलं. दुसरं हब 2,800, नव्या तारा आणि चाक बांधणी 1,450. म्हणजे 12,900 रुपये गेले.

जड लागलं की तिथेच थांबा आणि उलटं काढा. नवं पूर्ण बसेपर्यंत जुनं फ्रीव्हील फेकू नका.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुमचाच. पोलीस ठाण्यात आधी ‘सायबरकडे जा’, सायबरकडे ‘वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी मामला’. वस्तू मिळाली! दगड पाठवला असता तरी वस्तू मिळालीच म्हणणार का? फ्रीव्हील टेबलावर ठेवलं, ओरखडे दाखवले, तर ‘सायकलचं चक्र आहे, यात खोटं काय?’ दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर, तिसऱ्या खेपेला अर्ज सापडेना, चौथ्यांदा नव्याने लिहून द्या. महिन्याभराने पोर्टलवर तक्रार ‘बंद’. कारण दिलेलं नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही हे खरं, पण नोटीस बजावायला पत्ता लागतो. कुरिअरवरचा पत्ता खोटा, आणि कुरिअर कंपनी म्हणते, पाठवणाऱ्याची माहिती देता येत नाही. मग ती कुणाला देता येते?

पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, त्यातच पट्टी लावून चेन मोजा. परत घेण्याची लेखी कबुली नसेल तर आधी पैसे देऊ नका. पिच गेजचा फोटो नाही म्हणाला की फोन ठेवा.

परवा तोच व्हर्नियरचा फोटो पुन्हा विक्रीला लागलेला दिसला, दुसऱ्या नावाने. किंमत 6,800. 18 दात्यांच्या चकतीवर वरच्या बाजूला लागोपाठ तीन दात्यांवर ओरखडे आहेत. ते फ्रीव्हील माझ्याकडे आहे.